नाळेतलं रक्त पिवळ्या पिशवीत जाण्याआधी

महाराष्ट्रातल्या प्रसूतितज्ज्ञांना, लेबर रूममधल्या सिस्टरना आणि मावशींना,

सप्रेम नमस्कार.

बाळ रडतं आणि खोलीतल्या सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात. बाळाला पुसून आईच्या पोटावर ठेवतात, घड्याळ बघून वेळ लिहितात, बाहेर उभ्या असलेल्या आजीला निरोप जातो. थोड्या वेळाने वार पडते. तुमच्यापैकी कोणीतरी ती ट्रेमध्ये पसरून पूर्ण आली आहे ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे बघतं. मग ती पिवळ्या पिशवीत जाते, पिशवीला गाठ बसते आणि जैविक कचऱ्याची गाडी ती जाळायला घेऊन जाते. त्या वारेत आणि नाळेत तेव्हाही बाळाचं रक्त शिल्लक असतं, कधी चार चमचे, कधी अर्धी वाटी. त्या रक्ताबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी पुण्यात विषाणू आणि प्रतिकारशक्ती या विषयात काम करते. गेली बारा वर्षं माझा बराचसा दिवस उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी जातो. त्यातले काही उंदीर साधे नाहीत. त्यांच्या हाडांतल्या मज्जेत माणसाच्या मूळपेशी (स्टेम सेल) रुजलेल्या असतात आणि त्यांतून माणसाच्या पांढऱ्या पेशी तयार होत राहतात. उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढून तपासलं, तर त्यातल्या निम्म्याअधिक पांढऱ्या पेशी माणसाच्या निघू शकतात. या मूळपेशी मिळवायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे नाळ, म्हणजेच तुमची लेबर रूम. तरीही आम्ही संशोधक तुमच्याशी कधी नीट बोललो नाही. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करायचा, "एखादी नाळ मिळेल का" असं विचारायचं, आणि रक्त आलं की दार लावून कामाला लागायचं. ही पद्धत मला चुकीची वाटते.

हा प्रश्न माझ्या घरात कसा शिरला, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सात महिन्यांची असताना तिला ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ धोक्याचा, हे मला ठाऊक होतं, तरी मीही टाकला. संध्याकाळपर्यंत तिचं पोट फुगलं, हातपाय गार पडले, प्लेटलेट्स २१ हजारांवर आल्या. पुढचे तीन दिवस डॉक्टर सलाइनचा थेंबन् थेंब मोजत होते. ती वाचली, आता शाळेत जाते. पण त्या रात्री वॉर्डबाहेरच्या बाकावर बहिणीने मला विचारलं होतं, "ताई, दुसऱ्यांदा झाला की डेंग्यू वाईट होतो, असं तूच सांगतेस ना? हिला तर हा पहिलाच."

उत्तर मला माहीत होतं, पण त्या बाकावर बसून तिला सांगवेना. बहिणीला लग्नाआधी डेंग्यू होऊन गेला होता. त्यातून तिच्या रक्तात उरलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिनं, गरोदरपणी वारेतून बाळाकडे गेली होती. पहिले काही महिने ती बाळाला जपतात. मग हळूहळू त्यांचं प्रमाण कमी होत जातं आणि एक वेळ अशी येते, की विषाणूला निकामी करण्याइतकी प्रतिपिंडं उरत नाहीत, पण त्याला चिकटण्याइतकी असतात. अशा अर्धवट चिकटलेल्या प्रतिपिंडाचं शेपूट मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ओळखतात आणि विषाणूसकट ते आत ओढून घेतात. चोराला पोलिसाच्याच गाडीतून घरात आणून सोडावं, तसं हे होतं. डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एक होऊन गेल्यावर दुसरा जास्त त्रास देतो, त्यामागेही मुख्यतः हेच कारण मानलं जातं. १९८१ साली क्युबात डेंग्यूची साथ आली, तेव्हा १५८ माणसं दगावली आणि त्यांतली १०१ मुलं होती. चार वर्षांपूर्वी तिथे वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूची साथ येऊन गेली होती.

बाळांचं कोडं बँकॉकमध्ये सुटत गेलं. अमेरिकी डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड तिथे काम करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की गंभीर डेंग्यू होणाऱ्या मुलांचे दोन गट पडतात. एक दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मोठ्या मुलांचा, आणि दुसरा साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या, पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या बाळांचा. पुढे १९८८ मध्ये बँकॉकमधल्याच अभ्यासात अशा बाळांच्या आयांचं रक्तद्रव्य पातळ करत नेऊन माणसाच्या पेशींवर तपासलं गेलं. आईची प्रतिपिंडं ज्या वयाला विषाणूला सर्वाधिक मदत करतील असं गणित निघालं, त्याच वयाच्या आसपास बाळं आजारी पडली होती. यात कोणत्याही आईची चूक नाही. वारेने तिचं काम चोख केलेलं असतं.

डॉक्टर, तुमच्याकडे नाव नोंदवायला येणाऱ्या किती बायकांना आधी डेंग्यू होऊन गेला असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांच्या बाळांचं सातव्या-आठव्या महिन्यात काय होईल, आणि एखादी लस किंवा औषध तो धोका कमी करेल की वाढवेल, हे आधी कशात तरी तपासून बघावं लागतं. बाळात ते बघता येत नाही. काचेच्या बशीतल्या पेशींत थोडंफार दिसतं, पण बशीत ताप येत नाही, प्लेटलेट्स घसरत नाहीत, मज्जेतून नव्या पेशी येत नाहीत.

राहता राहिला उंदीर. आणि साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला, तर त्याला बहुधा काहीच होत नाही. याचं कारण कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. विषाणू शरीरात शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडून आसपासच्या पेशींना सावध करतात. तो इशारा पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवणारं एक प्रथिन आहे, स्टॅट-टू. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की त्याचं स्वतःचं एक प्रथिन या स्टॅट-टूला पकडून नष्ट करवतं, म्हणजे निरोप्याच नाहीसा होतो. २०१० मध्ये कळलं, की उंदराचा स्टॅट-टू त्याला पकडताच येत नाही. दोनच वर्षांनी अशीच आणखी एक गोष्ट उघड झाली. पेशीत धोक्याची घंटा वाजवणारं स्टिंग नावाचं प्रथिन माणसात हा विषाणू कापून टाकतो, उंदरात मात्र त्याची कात्री चालत नाही. विषाणूकडे आपल्या घराच्या किल्ल्या आहेत, उंदराच्या घराच्या नाहीत.

यावर वर्षानुवर्षं वापरला गेलेला तोडगा असा, की उंदरातून इंटरफेरॉन ओळखण्याची सोयच काढून टाकायची. मग विषाणू वाढतो आणि उंदीर आजारीही पडतो. औषधाने विषाणू कमी होतो का, एवढाच प्रश्न असेल तर असे उंदीर कामाचे आहेत. पण जी संरक्षणव्यवस्था विषाणू कशी चुकवतो हे मला बघायचं आहे, तिचा अर्धा भाग त्यात आधीच कापलेला असतो. शिवाय उरलेल्या पेशी उंदराच्याच. माझ्या भाचीच्या मोनोसाइटनी त्या रात्री काय केलं, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

म्हणून माणसाच्या पेशींचा उंदीर.

असा उंदीर एका दिवसात तयार झाला नाही. १९८३ मध्ये फिलाडेल्फियात मेल्व्हिन बोस्मा आणि सहकाऱ्यांना काही उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसल्याचं आढळलं. निसर्गतःच झालेल्या एका बदलामुळे त्या उंदरांना टी आणि बी पेशी, म्हणजे परकं ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवता येत नव्हत्या. ज्याला परकं ओळखता येत नाही, त्याच्या अंगात माणसाच्या पेशी तग धरतील, हे हेरून १९८८ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी ते करून दाखवलं. एकाने गर्भाच्या ऊती रोपल्या, दुसऱ्याने मोठ्या माणसाच्या रक्तपेशी सोडल्या. एड्सने तेव्हा हाहाकार माजवला होता आणि उंदराच्या पेशींत एचआयव्ही वाढत नव्हता, म्हणून ही निकड होती. त्याच १९८८ मध्ये पॅरिसला एलिआन ग्लुकमन यांनी मज्जा निकामी करणारा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो बरा झाला. नाळेतल्या मूळपेशी अख्खी रक्तव्यवस्था पुन्हा उभी करू शकतात, हे माणसात त्यातून सिद्ध झालं.

पुढचं काम बरंचसं जपानमध्ये झालं. मधुमेह होणारी उंदरांची एक जात तिथे तयार झाली होती. त्या जातीच्या भक्षक पेशी माणसाच्या पेशींना चुकून आपलं समजतात आणि खात नाहीत. ही जात बोस्मांच्या उंदरांशी जोडली आणि शिवाय एक जनुक बंद केलं, की प्रतिकारपेशींना वाढीचे निरोप मिळणंच थांबतं आणि उंदराची स्वतःची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाते. असा उंदीर २००२ मध्ये कावासाकीत जाहीर झाला आणि २००५ मध्ये त्याचं भावंड अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत. जगभर आज वापरात आहेत ते बहुतेक याच घराण्यातले. पिल्लू एक-दोन दिवसांचं असताना त्याला थोडं किरणोत्सर्गाखाली ठेवतात, मग यकृतात लाखभर मूळपेशी टोचतात. दोन महिन्यांत माणसाच्या बी पेशी दिसू लागतात. टी पेशींना तीन ते चार महिने लागतात, कारण त्यांना उंदराच्या छातीतल्या थायमस नावाच्या इवल्याशा ग्रंथीत शिकून बाहेर पडावं लागतं. एका चांगल्या नाळेतून साधारण दहा-वीस उंदरांपुरत्या मूळपेशी मिळतात. ते सगळे उंदीर रक्ताने एकमेकांची भावंडं, आणि सगळे मिळून तुमच्या हातून जन्मलेल्या एका बाळाचे नातलग. मला हे असंच वाटतं आणि असंच वाटावं.

या उंदरांनी काय दाखवलं? २००५ मध्ये टेक्सासमधल्या रेबेका रिको-हेस यांच्या गटाने नाळेतल्या पेशींचे उंदीर वापरले आणि डेंग्यू टोचल्यावर त्यांना ताप आला, अंगावर लाली आली, प्लेटलेट्स उतरल्या. माणसाच्या डेंग्यूची ही ओळखीची तीन लक्षणं एका उंदरात एकत्र दिसणं, हे मोठं पाऊल होतं. २०१२ मध्ये याच गटाने सुईऐवजी खरे संसर्गित डास उंदरांना चावू दिले. डासाच्या चाव्यातून झालेला आजार सुईपेक्षा लांबला आणि तीव्रही निघाला. मग २०१८ मध्ये डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीचे, पण विषाणू नसलेले डासच चावू दिले, तर नुसत्या लाळेनेही माणसाच्या प्रतिकारपेशींमध्ये बदल झाले आणि ते आठवडाभर दिसत राहिले. साध्या उंदरात बघितलं असतं, तर हे माणसाच्या पेशींना लागू पडतं का, ही शंका कायम राहिली असती. आपण घरात कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करतो, त्या डासाबद्दलचं हे ज्ञान आहे.

एचआयव्हीचं उदाहरण तर औषधापर्यंत पोहोचलं. २००८ मध्ये व्हिक्टर गार्सिया यांच्या गटाने अशा मादी उंदरांना दोन औषधांची एकत्र मात्रा आधी देऊन मग योनीमार्गातून एचआयव्हीचा संसर्ग करून बघितला. औषध मिळालेल्या एकाही मादीला लागण झाली नाही. २०१० मध्ये माणसांवरच्या मोठ्या चाचणीने त्याच औषधजोडीचा उपयोग दाखवला आणि २०१२ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी तिला मान्यता मिळाली. त्या उंदरांसाठी मात्र गर्भाच्या ऊती लागल्या होत्या आणि त्यावरून अमेरिकेत २०१९ मध्ये सरकारी निधीवर निर्बंध आले, मग २०२१ मध्ये उठले. तो वाद मोठा आहे, मी इथे त्यात शिरत नाही. जिवंत, निरोगी बाळाच्या जन्मानंतर उरलेल्या नाळेतल्या रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नाही, एवढं आईला आणि तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. हा गोंधळ होतो, मी होताना पाहिला आहे.

आता या उंदराचे दोषही सांगते. ते लपवून तुमच्याकडे रक्त मागणं म्हणजे फसवणूक होईल. या उंदरात माणसाच्या बी पेशी असल्या तरी त्या कच्ची प्रतिपिंडंच जास्त बनवतात, पक्की फार कमी. लसिकाग्रंथी नीट वाढत नाहीत. टी पेशी उंदराच्या थायमसमध्ये शिकलेल्या, त्यामुळे माणसाच्या पेशींची भाषा त्यांना अर्धीच कळते. माझ्या कामाला हव्या असलेल्या मोनोसाइट नेमक्या कमी असतात, कारण त्यांना वाढवणारे उंदराचे निरोप माणसाच्या पेशींना समजत नाहीत. येल विद्यापीठात रिचर्ड फ्लेव्हेल यांच्या गटाने २०१४ मध्ये माणसाची ती निरोप्या जनुकं घातलेले उंदीर जाहीर केले. त्यांत मोनोसाइट भरपूर होतात, पण त्यांच्याच वंशातल्या भक्षक पेशी उंदराच्या लाल पेशी खाऊ लागतात आणि उंदीर रक्तक्षयाने लवकर जातो. आणि एक दोष असा, की तो कशानेच जात नाही: रक्तवाहिन्या उंदराच्याच राहतात. गंभीर डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून माझ्या भाचीचं पोट फुगलं होतं. तो झिरपा या उंदरात माणसासारखा दिसेल, असं मी म्हणू शकत नाही. अर्धाच प्रश्न इथे विचारता येतो. तो अर्धा प्रश्न दुसरीकडे कुठेही विचारता येत नाही, म्हणून मी इथे आहे.

आपल्या कोकणाचाही एक प्रश्न याच रांगेत उभा आहे. माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा गोचिडीचा आजार २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गात पोहोचला. काजूच्या बागेत जाणारी, जंगलातून सरपण आणणारी माणसं त्याने आजारी पडतात. उंदराला हा विषाणू सोसत नाही, पण उंदीर मरतो तो मेंदूच्या आजाराने. माणसात मात्र रक्तस्राव, प्लेटलेट्सची आणि पांढऱ्या पेशींची घसरण ही वेगळीच तऱ्हा दिसते. डेंग्यूत उंदीर आजारीच पडत नाही, माकडतापात आजारी पडतो पण भलत्याच वाटेने. माणसाच्या पेशी या तापात कशा वागतात, हे शोधणारा असा उंदीर महाराष्ट्रातच, पुण्यातच तयार व्हावा, असं मला फार वाटतं. ज्या शहरात १९५२ पासून विषाणूंवर काम चालतं, तिथे हे जमायला हरकत नाही.

मावशी, तुम्ही विचाराल, त्या मुक्या जिवाचं काय? विचाराच.

या उंदरांना साधा जंतूही चालत नाही. त्यांची हवा गाळलेली, पाणी निर्जंतुक, तूस वाफवलेला असतो. आम्ही आत जाताना ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना करता तसे सोपस्कार करतो. काही महिन्यांनी काही उंदरांत माणसाच्या पेशी उंदराच्या शरीरालाच परकं समजून हल्ला करतात. केस झडतात, पाठीला पोक येतं, वजन उतरतं. आमचा नियम आहे, की वजन पाचव्या हिश्शाने घटलं की थांबायचं, उंदराला भूल देऊन शांतपणे संपवायचं, पुढची आकडेवारी गेली तरी चालेल. मी याहून कडक वागते. २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत आली: डोळे बारीक होणं, गाल आणि नाक फुगणं, कान मागे जाणं, मिशा ताठरणं. हे रोज दोनदा बघितलं जातं आणि बघणारा माणूस प्रयोग करणारा नसतो, कारण प्रयोग करणाऱ्याला शेवटचा आकडा हवा असतो. मला स्वतःला तो मोह झालेला आहे. एका खेपेला मी एक दिवस थांबले. त्या उंदराचा क्रमांक मला अजून पाठ आहे.

२०२३ मध्ये आपल्या औषध-चाचणी नियमांत प्राण्यांऐवजी पेशी-चिप (माणसाच्या पेशी वाढवलेली छोटी पट्टी) आणि तत्सम पद्धतींना जागा मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. चिपवर निभावतं ते उंदरावर करू नये. मज्जेतून पेशी जन्माला येणं, रक्तातून फिरणं, कातडीत डास चावल्या जागी धावून जाणं, इतकं सगळं एकत्र अजून चिपवर होत नाही. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी मी हे पिंजरे रिकामे करेन.

आता तुमच्याकडे काय मागते, ते सांगते. पण आधी काय मागत नाही, ते.

बाळाच्या वाट्याचं रक्त मी मागत नाही. नाळ निदान एक मिनिट चिमट्यात पकडू नये, तेवढ्यात बाळाला वारेतलं रक्त मिळतं आणि पुढे त्याचं लोह टिकतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "रक्त जास्त मिळावं म्हणून नाळ लवकर कापा," असं कुणी संशोधक तुम्हाला म्हणाला, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. उशिरा कापलेल्या नाळेत कमी रक्त उरतं, आणि प्रत्यारोपणासाठी ते अनेकदा अपुरं पडतं. मला वीस-तीस मिलिलिटर चालतं. चार उंदीर झाले तरी चार झाले.

कळांच्या वेळची सही मला नको आहे. हे मी अनुभवातून बोलते. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात, कळा पाच मिनिटांवर आल्या असताना, नाळेचं रक्त साठवणाऱ्या एका खासगी बँकेचा प्रतिनिधी कागद घेऊन आला होता. "बाळाच्या भविष्याचा विमा" असे त्याचे शब्द. मी या विषयातली, तरी सही करून मोकळी झाले, कारण तेव्हा मी कशावरही सही केली असती. स्वतःच्याच बाळासाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलेलं आहे, आणि ते मी वाचलेलंही होतं. नवऱ्याने पुढची काही वर्षं हप्ते भरले. तेव्हापासून मला कळांमधली सही ही सही वाटतच नाही.

म्हणून विचारायचं ते सातव्या महिन्याच्या तपासणीला. आई बसलेली असताना, तिच्या भाषेत, आणि शक्यतो सासू किंवा नवरा उत्तर देण्याआधी तिला बोलू देऊन. तिला हे सांगायचं, की हे रक्त एरवी टाकून दिलं जातं. त्यातल्या पेशी उंदरात वाढवून विषाणूंवर काम होणार आहे. त्यातून तिला किंवा बाळाला थेट काही मिळणार नाही. नकार दिला तर बाळंतपणात तसूभर फरक पडणार नाही. होकार दिल्यावरही बाळंतपणापर्यंत आणि नंतरही मन बदलता येईल. पैसे नाहीत, ना तिला, ना तुम्हाला. आणि एक गोष्ट मी वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेते: या रक्तात बाळाची संपूर्ण जनुकीय ओळख असते, ती तिच्या स्वतंत्र परवानगीशिवाय आम्ही वाचणार नाही.

"म्हणजे माझ्या पोराचं रक्त उंदराच्या अंगात फिरणार?" एका आईने मला असंच विचारलं होतं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ गप्प बसली. आपल्याकडे नाळ पुरलेली जागा माणूस जन्मभर विसरत नाही, तिथे हा प्रश्न साधा नाही. मग ती म्हणाली, "माझ्या सासरी नाळ उकिरड्याच्या कडेला पुरतात. त्यापेक्षा हे बरं." दुसऱ्या एकीने साफ नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. दोन्ही उत्तरं मी वहीत सारख्याच अक्षरात लिहिली.

डॉक्टर, तुमच्याकडून मला एक होकार हवा आहे: तुमच्या दवाखान्यात येऊन महिन्यातून एकदा, तपासणीच्या दिवशी, बायकांशी तासभर बोलायला जागा द्या. मानवी संशोधनाची, मूळपेशींची आणि प्राणीप्रयोगांची अशा तिन्ही समित्यांची मंजुरीपत्रं मी आधी तुमच्या टेबलावर ठेवेन. ती नसतील, तर माझ्यासकट कुणालाही एक थेंब देऊ नका. वर्षाच्या शेवटी मी परत येईन आणि किती नाळा मिळाल्या, किती उंदीर झाले, किती वाया गेले आणि काय कळलं, हे तुम्हाला आणि ज्या आया येऊ शकतील त्यांना सांगेन. काहीच कळलं नाही, असंही वर्ष येतं. तेही सांगेन.

सिस्टर, उरलेलं सगळं तुमच्या हातात आहे. मागे एकदा आमच्याकडे आलेल्या पिशवीत रक्ताची गुठळी झाली होती. एका आईने विचार करून दिलेलं रक्त मला टाकून द्यावं लागलं. चूक आमची होती, कसं घ्यायचं हे आम्ही कुणाला दाखवलंच नव्हतं. तेव्हा आता लिहून देते. बाळ सुखरूप आहे आणि आईला जास्त रक्तस्राव नाही, याची खात्री झाल्यावरच नाळेकडे वळा. तुमची धावपळ असेल, तर सोडून द्या, कुणी विचारणार नाही. नाळ स्पिरिटने पुसून शिरेतून रक्त आमच्या पिशवीत उतरू द्या. उतरताना पिशवी हलक्या हाताने उलटीसुलटी करत राहा, म्हणजे आतलं रक्त गोठू न देणारं औषध मिसळेल. पिशवीवर आईचं नाव लिहू नका, फक्त क्रमांक. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात. आणि फोन करा. आमचा माणूस रात्री दोन वाजताही येतो.

आपली नम्र,
पुण्यातली एक विषाणू-संशोधक